मेडिकलपुरती गोळी

बाबांकडून मला दोन गोष्टी वारशाने मिळाल्या : नोकरी आणि कोलेस्टेरॉल. भावाला एकच मिळाली.

नोकरीचं सांगणं सोपं आहे. बाबा वर्ध्याकडचे. शिकणारी आणि सरकारी खुर्चीत बसणारी घरातली पहिली पिढी. बदली होऊन लखनौला आले आणि पंचेचाळिशी ओलांडता ओलांडता एका दुपारी त्यांनी हज़रतगंजमधल्या ऑफिसात टेबलावर डोकं टेकलं. शेजारच्या बाबूला वाटलं, डबा जड झाला. त्याने मोठ्या समजूतदारपणे पंखा वाढवला. चहा आला तेव्हा लक्षात आलं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, भाऊ शाळेत. ऑफिसने मला अनुकंपा तत्त्वावर लावून घेतलं. त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर. बाबांचा हार घातलेला फोटो काही वर्षं भिंतीवर होता, मग रंगकामाच्या वेळी उतरवला तो परत चढला नाही. मी अजून आहे.

कोलेस्टेरॉलचं कळायला फार वर्षं लागली. बाबांच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांशी, पापणीवर, पिवळसर डाग होते, मऊ आणि किंचित वर आलेले. मलाही तिशीत तसेच आले. आमच्याकडे कोणी त्याला आजार म्हटलं नाही. गावाकडची आत्या म्हणायची, पापणीवर हळद आहे, पोरगी नशीबवान निघणार. आत्याच्या मोठ्या मुलालाही तशी हळद होती. तो बाबांच्याही आधी गेला. पण नशिबाबद्दलच्या समजुती अशा किरकोळ पुराव्याने डळमळत नाहीत.

मग आमच्या ऑफिसात हृदय-जागृती शिबिर झालं. स्टेजपेक्षा मोठं लाल हृदय छापलेला बॅनर, खाली सगळ्या साहेबांचे फोटो पदाच्या उतरत्या क्रमाने. रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं, म्हणून आम्ही सगळे सकाळपासून उपाशी. पण उद्घाटनाआधी कोणाला सुई टोचायची नाही असं ठरलेलं, आणि मुख्य अतिथी यायचे होते. ते दुपारी आले. तोवर लेखा विभागातल्या दोन मधुमेह्यांना खुर्चीत आडवं करून ग्लुकोज पाजावं लागलं होतं. तुपाचा दिवा लागला. अतिथींनी हृदयाविषयी भाषण केलं, त्यात हृदय हे प्रेमाचं स्थान असल्याचं तीन वेळा आलं आणि रक्तवाहिनी एकदाही आली नाही. मग रक्त काढलं आणि समोसे, कलाकंद वाटले. मी हसत घरी आले. आठवड्याने रिपोर्ट आला, अतिथींचा फोटो छापलेल्या फोल्डरमध्ये. आकडा बघून मला वाटलं, छापायची चूक आहे.

चूक नव्हती. शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, ओपीडीच्या गर्दीत गुदमरलेली. तिने माझ्याकडे पाहिलं, खाली वाकली आणि म्हणाली, "चप्पल उतारिए." टाचेच्या मागची शीर चिमटीत धरून तिने दाबली. तिथे मला कायम एक जाड गाठ होती. मी समजायचे, चपलेची.

"घर में कोई जल्दी गया है?"

"पिताजी. ऑफिस में."

"खाने में क्या लेती हैं?"

मी माझ्या भाजीभाकरीची हकिगत सुरू केली. तिने हाताने थांबवलं. "आप घास खाएँगी तब भी इतना ही रहेगा. ये खून में आया है. गोली रोज़, ज़िंदगी भर. भाई-बहन?"

"एक भाई."

"उन्हें कल भेजिए. परसों नहीं."

भाऊ हवाई दलात. उत्तर-दक्षिण फिरून, खूप अर्ज करून, अखेर त्याला लखनौलगतचा बख्शी का तालाबचा तळ मिळाला होता. आईला वाटलं, पोरगा घरी आला. शनिवारी मी आणि आई त्याच्या क्वार्टरवर गेलो. भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान, उंच, सडसडीत. रोज पहाटे धावायचा. त्याच्या अंगावर चरबी शोधायला भिंग लागलं असतं. आई आणि भावजय आत भाजी निवडत बसल्या, आणि मी त्याला व्हरांड्यात गाठलं. सगळं सांगितलं, टाचेच्या गाठीसकट. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"कोलेस्टेरॉल. पाच-सहा वर्षं झाली. आधीच्या पोस्टिंगवर बाहेर टेस्ट केली होती, प्रायव्हेट."

"मग गोळी घेतोस?"

"घेतो ना. मेडिकलच्या आधी दीड महिना."

त्याची पद्धत मला समजून घ्यायला थोडा वेळ लागला. दरवर्षी दलाचं मेडिकल असतं, वैद्यकीय तपासणी. रिपोर्ट बिघडला तर तब्येतीची कॅटेगरी खाली जाते, आणि कॅटेगरी खाली गेली की वॉरंट ऑफिसरचं प्रमोशन गेलं, असा त्याचा हिशेब. म्हणून मेडिकलचा मोसम आला की त्याच्या ओळखीचे सगळे काही ना काही नेम धरायचे. "कोणी तळलेलं सोडतो, कोणी रम सोडतो. मी गोळी धरतो," तो म्हणाला. "रिपोर्ट एकदम चकाचक."

"आणि नंतर?"

"नंतर ते रम धरतात, मी गोळी सोडतो."

"अरे पण डॉक्टरने कायमची सांगितलीय."

"कायमचं फक्त पेन्शन असतं, ताई. बाकी सगळं टेंपररी."

मला हसू आलं. हेच वाईट होतं. त्याच्याशी भांडताना मला नेहमी हसू यायचं, आणि हसलेल्या माणसाला भांडण जिंकता येत नाही.

"तुमचे डॉक्टर विचारत नाहीत? वडील कशाने गेले, वगैरे?"

"विचारतात. सांगितलं मी."

"काय?"

"एक्सीडेंट."

"कसला एक्सीडेंट?"

"स्कूटर."

"बाबांना सायकल येत नव्हती."

"त्यांना काय माहीत!"

"कुठे झाला म्हणून सांगितलंस?"

"चारबागला, रेल्वे स्टेशनसमोर."

"चारबागलाच का?"

"तिथे होतात," तो म्हणाला, आणि आतून भावजय चहा घेऊन येत असल्याची चाहूल लागताच बोटाने गप्प राहायची खूण केली.

परतताना आई रिक्षात विचारत राहिली, "काय खुसफूस चालली होती तुमची?" मी तिला सांगितलं की तो गोळी घेत नाही. आई म्हणाली, "काऊन घ्यावं त्यानं? धावते ना तो रोज? तुमच्या बाबाले काही कोलेस्टेरॉल-बिलेस्टेरॉल नव्हतं. त्या साहेबानं बदली अडवली, त्याच्या टेन्शननं गेले." आईच्या मते बाबांना एका माणसाने मारलं होतं आणि त्याचं नाव तिला पाठ होतं. चरबीवर तिला राग धरता येत नव्हता. साहेबावर धरता येत होता, आणि तो तिने तीस वर्षं जिवंत ठेवला होता.

मी भावजयीला सांगितलं. ती नागपूरची, तोंडाने तिखट. सासरे हृदयाने गेले हे तिला माहीत होतं, चारबागचं प्रकरण नवीन होतं. "म्हणजे ताई, इतकी वर्षं मी ज्या फोटोला फूल वाहते तो माणूस दोनदा मेला," ती म्हणाली, "आणि मला एकदाच कळवलं." त्या रात्रीपासून तिने जेवणाच्या ताटात वाटीशेजारी गोळी ठेवायला सुरुवात केली. तो तिच्यासमोर तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा. दोन महिन्यांनी बाल्कनीतल्या मनी प्लांटच्या कुंडीत तिला पांढरा चुरा दिसला. तिने मला फोन केला. आधी रडली, मग म्हणाली, "त्या झाडाचं कोलेस्टेरॉल आता फर्स्ट क्लास असेल."

त्याला मी विचारलं तेव्हा त्याने कारणं दिली. गोळीने पाय दुखतात, धावता येत नाही. गोळीने लिव्हर जातं, मोबाईलवर आलं होतं. गोळी सुरू आहे असं कोणाला कळलं तर बातमी वरपर्यंत जाईल. बाबा सिगरेट ओढायचे, तो ओढत नाही. बाबा बसून काम करायचे, तो उभा असतो. मी प्रत्येक कारणाला उत्तर दिलं. तोवर मी या विषयावर एवढं वाचलं होतं की ऑफिसात लोक मला छातीत दुखलं की विचारायला यायचे. पाय दुखत असतील तर डॉक्टर गोळी बदलून देतात, कमी करतात, दुसरी जोडतात, हे सांगितलं. गोळी बंद केल्यावर आकडा होता तिथे परत जातो, हेही. तो शांतपणे ऐकायचा. शेवटी म्हणायचा, "ताई, तू बरोबर आहेस. प्रमोशन होऊ दे. मग रोज घेतो. शपथ."

त्या वर्षी त्याचं मेडिकल पास झालं आणि त्याने चौकाकडून कबाब-पराठे आणवून आम्हाला जेवायला बोलावलं. रिपोर्ट टेबलावर होता, सगळ्यांनी बघावा म्हणून. मीही पाहिला. इतका सुंदर रिपोर्ट मी आमच्या घरात पाहिला नव्हता. भावाची मुलगी, माझी भाची, तेव्हा सातवी-आठवीत, कबाब खाता खाता म्हणाली, "बुआ, पापा का नंबर आपसे अच्छा है." रोज गोळी घेणारी मी, आणि माझा आकडा त्याच्यापेक्षा जास्त. त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला. पायात चप्पल नव्हती. दोन्ही टाचांमागे गाठी होत्या, माझ्यापेक्षा मोठ्या.

एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात मराठी मंडळाने त्याचा सत्कार केला. दहा किलोमीटरच्या शर्यतीत तो वयोगटात दुसरा आला होता. शाल, सन्मानचिन्ह, आणि एका निवृत्त अधिकाऱ्याचं भाषण, की समाजाच्या तरुणांनी या लोखंडी माणसाचा आदर्श घ्यावा. आई पहिल्या रांगेत होती. तिने पदर डोळ्यांना लावला. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार? सत्काराच्या वेळी उभं राहून कोणी माणसाच्या टाचा दाखवा म्हणत नाही.

मे महिन्यात एका सकाळी धावून आल्यावर त्याचा जबडा दुखायला लागला. भावजयीला वाटलं दाढ. त्याने लवंग धरली, जेलुसिल प्यायला आणि कामावर गेला. तिथे घामाने निथळला, तेव्हा सोबतच्यांनी त्याला तळावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने लगेच ईसीजीची पट्टी काढली. पहिल्या पट्टीत फारसं काही दिसत नव्हतं. डॉक्टरने विचारलं, घरात कोणाला हार्टचा त्रास? माझ्या भावाची छाती त्या क्षणी आवळत होती, तरी त्याने सांगितलं, "नहीं सर. पिताजी एक्सीडेंट में गए." समोर त्याची फाइल होती, वर्षानुवर्षांच्या स्वच्छ रिपोर्टांची. बारीक, धावणारा, विडी-काडी नाही, रक्त निर्मळ, घराण्यात काही नाही. अशा माणसाला उन्हात धावून पित्त झालं असं कोणालाही वाटलं असतं. तरी त्या डॉक्टरने त्याला घरी जाऊ दिलं नाही, तिथेच ठेवलं.

भावजयीला कळायला वेळ लागला. ती शेजारणीच्या स्कूटीवर बसून गेली. पुढचं तिने मला बऱ्याच वेळा सांगितलं आहे. तो कॉटवर होता, राखाडी दिसत होता, आणि तिला बघून म्हणाला, "तू कशाला आलीस? गॅस आहे." ती डॉक्टरसमोर जाऊन उभी राहिली. "सर, ये झूठ बोल रहे हैं. ससुरजी हार्ट से गए थे. इनका कोलेस्टेरॉल बहुत ज़्यादा है, गोली खाकर टेस्ट देते हैं."

"गप्प बस ना," तो मराठीत म्हणाला. "प्रमोशन बोर्ड आहे."

"तूच गप्प बस. तुझ्या बोर्डाला आग लागो."

 डॉक्टरने दुसरी पट्टी काढली आणि फोन उचलला. छावणीतल्या मोठ्या लष्करी दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली होती. त्यांनी बंद झालेली नळी उघडली, जाळी बसवली, सगळं केलं. पण स्नायू वाट बघत नाही. हृदयाचा पुढचा मोठा भाग मेला होता. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञाने मला कागदावर चित्र काढून दाखवलं आणि मेलेल्या भागावर पेनाने रेघा मारल्या. तो बराच वेळ रेघा मारत होता.

भाऊ वाचला, असं सगळे म्हणतात. आईही म्हणते. तिच्या हिशेबात यालाही एक साहेब सापडला आहे, सकाळच्या ड्यूटीचा.

वॉर्डात त्याला भेटायला त्याच्याच सेक्शनमधला एक सार्जंट आला होता, पंजाबी, गोल, हसरा. बोलता बोलता त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि एक पाण्याबरोबर घेतली. माझ्या ओळखीची पट्टी. मी विचारलं, कधीपासून? म्हणाला, चार वर्षं, तळावरच्या दवाखान्यातूनच मिळते. कॅटेगरी एक पायरी खाली गेली होती, वर्षभराने रिपोर्ट बघून परत वर दिली. "प्रमोशन भी हो गया जी, उसके बाद." भाऊ छताकडे बघत होता. सार्जंटने दोन सफरचंदं ठेवली आणि गेला. मी नर्सला खिडकी उघडता येईल का ते विचारायला गेले.

आता दीड वर्ष झालं. त्याला हलकं काम दिलं आहे, बसून करायचं. तेही तो अर्धा दिवस करतो. मुठीत मावणार नाहीत इतक्या गोळ्या आहेत, आणि दर दोन आठवड्यांनी पोटाला टोचायचं एक इंजेक्शन. सगळं वेळेवर घेतो. त्याचं कोलेस्टेरॉल आज आमच्या खानदानात सर्वांत कमी आहे आणि या वेळी ते खरं आहे. पहिल्या मजल्यावरचं क्वार्टर बदलून तळमजल्याचं मिळालं. रात्री तीन उशांवर टेकून झोपतो. डॉक्टर औषधं बदलत राहतात. मी त्या हृदयरोगतज्ज्ञाला एकदा सरळ विचारलं, सुधारेल का. तो चांगला माणूस आहे, त्याने सरळ सांगितलं, जेवढं आहे तेवढं टिकवतोय.

भाचीचं रक्त तपासायला हवं, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते. निम्मी शक्यता असते, नाणं उडवल्यासारखी. या वेळी भाऊच तिला घेऊन गेला. स्वतः, ऑटोने, वाटेत दोनदा थांबून. नाणं आमच्या सवयीच्या बाजूने पडलं. माझ्याच डॉक्टरिणीने तेच सांगितलं : आत्तापासून, रोज, आणि मग तिला तिच्या वडिलांसारखं होण्याचं कारण उरणार नाही.

गेल्या रविवारी मी तिथे होते. भावजयीने बशीत गोळी आणि ग्लासभर पाणी आणून ठेवलं. भाची दहावीत आहे, उंच, बापाच्या चालीची, कानाला हेडफोन. तिला विमान उडवायचं आहे. हे तिच्या डोक्यात आम्ही कोणी घातलेलं नाही, बख्शी का तालाबच्या आभाळाने घातलं आहे.

"नहीं लूँगी," ती म्हणाली.

"बेटा, डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंस ना?" भावजय म्हणाली.

"सुना. दवाई चल रही है पता चला तो मेडिकल में पहले दिन बाहर. सिलेक्शन हो जाए, फिर रोज़ खाऊँगी. प्रॉमिस."

"तोवर?" मी म्हणाले.

"तोवर क्या, बुआ? मैं सोलह की हूँ. दौड़ती हूँ. पापा तो तब तक ठीक ही थे ना जब तक दौड़ते थे?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे सगळी उत्तरं होती, क्रमाने लावलेली. पण समोर भाऊ बसला होता, आणि ती सगळी उत्तरं त्याने आधी ऐकलेली होती. त्याने मुलीकडे बघितलं, काही म्हणायला श्वास घेतला, आणि तो श्वास वाक्याला पुरला नाही. तो थांबला. ती वाट बघत उभी राहिली, कारण ती वाईट मुलगी नाही.

"पापा, बोलो."

त्याने नकाराची मान हलवली. तिने बॅग खांद्यावर टाकली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ट्यूशनला गेली.

"बोलायचं होतंस," भावजय म्हणाली. "तू सांगितलं असतंस तर ऐकलं असतं तिने."

"काय सांगू?" तो म्हणाला. दोन शब्दांमध्ये थांबत, मला उद्देशून. "तिचे सगळे मुद्दे माझे आहेत, ताई. मला एकाचंही उत्तर... पटलं नव्हतं."

भावजयीने बशी उचलली. गोळी पट्टीत परत घालता येत नाही. तिने ती एका छोट्या स्टीलच्या डबीत टाकली आणि झाकण लावलं. डबीचा आवाज आला. तिच्यात आधीच्या बऱ्याच होत्या.